अमळनेर-धुळे-जळगाव पट्ट्यात समुपदेशकांचा आपसातला चर्चागट कसा उभा करावा?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरला समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग समुपदेशनाची पदविका. आठवड्यातले काही दिवस एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मागची खोली मला मिळते, बाकीचे दिवस शाळेत जाते.

पुण्यात शिकत होते तेव्हा दर आठवड्याला सुपरव्हिजन असायचं, म्हणजे अनुभवी समुपदेशकासमोर आपलं काम मांडून तपासून घेणं. एखादी केस डोक्यातून जात नसली की तिथे जाऊन मोकळेपणी बोलता यायचं. इथे ते राहिलं नाही. घरी बोलता येत नाही आणि बोलायचंही नाही. दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्या दारात पन्नास पेशंट उभे असतात.

सध्या एक शाळकरी मुलगा येतो. घरातलं एक माणूस गेलंय आणि ते कसं गेलं हे घरात कुणी उच्चारत नाही. मुलगा माझ्यासमोर बसून पूर्ण वेळ क्रिकेटवर बोलतो. मी ऐकते. ऐकत राहणं बरोबर आहे असं मला वाटतं, पण हे माझं वाटणं तपासून बघायला कुणीतरी हवं. (तपशील बदललेले आहेत.)

धुळे, चोपडा, जळगाव इथल्या चार-पाच जणांशी ओळख आहे, सगळे थोड्याफार फरकाने याच अवस्थेत. आपण एक गट करावा असं मनात आहे. पण हा भाग असा की कोण कोणाच्या नात्यात निघेल सांगता येत नाही. गुप्तता कशी सांभाळायची? गट चालवायचा कुणी? पैसे घ्यायचे का? एका ओळखीच्यांनी सुचवलं, ‘व्हॉट्सॲप ग्रुप काढा, केस टाका, उत्तरं येतील.’ ते मला पटलेलं नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी कृपया लिहा.

पांझरेकर (धुळे)

ताई, हौस मोडायची नाही, पण अनुभव सांगतो. धुळ्यात आम्ही असा गट चालवला होता, वर्षभरात बंद पडला. भांडण वगैरे काही झालं नाही. एकाने अडचण मांडली की चौघं चार उपाय सांगायचे. ‘सीबीटी (विचार-वर्तन बदलण्याची उपचारपद्धती) लाव’, ‘आईवडिलांना बोलव’, ‘माझ्याकडे अशीच एक आली होती’. मग गटातले सगळ्यात ज्येष्ठ सर शेवटी निकाल द्यायचे आणि विषय संपायचा. मांडणारा घरी जाताना आला होता त्यापेक्षा जास्त एकटा असायचा. हळूहळू लोकांनी केस आणणंच सोडलं, नुसता चहा उरला.

माझं मत: एक चांगला सुपरव्हायझर शोधा, त्यांची फी द्या, ऑनलाइन घ्या. सगळेच अर्धवट शिकलेले एकत्र बसले तर चूकही सगळ्यांची मिळून होते.

गिरणातीर (जळगाव)

बोरीकाठ ताई, गट जरूर करा. पांझरेकर दादांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे, आणि त्यांचा गट ज्याने बंद पडला ते टाळता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचा गट जळगाव, भुसावळ, पाचोरा, चोपडा असा पसरलेला आहे. महिन्यातून एका रविवारी भेटतो. बरीच वर्षं चाललंय.

आधी एक. तुमच्या त्या मुलाबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही. तपशील बदलले असले तरी ही उघडी जागा आहे, आणि अमळनेर तुम्ही स्वतःच लिहिलंय. गटात मात्र नक्की न्या.

आता गुप्तता. पुण्या-मुंबईत नाव काढून टाकलं की माणूस बऱ्यापैकी झाकला जातो. आपल्याकडे नाव न घेताही माणूस उघडा पडतो. ‘यावल तालुका, केळीचे बागायतदार, मोठा मुलगा परदेशात, सून माहेरी परत आलेली’ एवढं म्हटलं की खोलीतल्या एकाला तरी घर दिसायला लागतं. शिवाय आपल्याला ओळख काढायची सवय आहे. कुठली, कोणाच्या घरची, माहेर कुठलं, हे आपण जीव लावून विचारतो, एरवी त्यात वाईट काही नाही. गटात हे तिन्ही प्रश्न बंद. आमच्याकडे नवीन माणूस आला की सगळ्यात आधी हेच सांगतो.

दुसरं, गट एका गावाचा करू नका. तुम्ही अमळनेरच्या, तर ऐकणारे भुसावळचे, धुळ्याचे, शहाद्याचे असू देत. प्रवास होतो, पण तेवढं अंतर तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचं रक्षण करतं. आणि सांगायचं ते प्रश्नाला लागेल तेवढंच. ‘तिशीतली बाई’ पुरे होतं. गाव नको, पीक नको, नवरा कुठल्या खात्यात नोकरीला ते नको. मुलं किती हेसुद्धा प्रश्नाशी संबंध असेल तरच. एवढं करूनही कुणाला ऐकता ऐकता ओळख पटायला लागली, तर त्याने हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. कारण सांगायचं नाही, नंतरही कुणी विचारायचं नाही. ‘अगं, हिला मी ओळखते’ एवढं जरी तोंडातून गेलं तरी त्या बाईचा विश्वास आपण मोडला.

पण माझ्या मते गट टिकतो की नाही हे ठरतं दुसऱ्याच गोष्टीवर: तुम्ही प्रश्न कोणाबद्दल आणता. ‘तिने काय करावं?’ असा प्रश्न आणला की पांझरेकर दादांकडे झालं तेच होणार, उपायांचा पाऊस. आम्ही नियम केलाय की प्रश्न मांडणाऱ्याच्या स्वतःबद्दलचा हवा, आणि एका वाक्यात हवा. त्या खोलीत मला काय होतं, मी काय टाळते, मला कशाची घाई होते.

एक उदाहरण देते. ते गटात मांडणाऱ्या सहकाऱ्याच्या परवानगीने देतेय; नातं, पीक, तालुका सगळं बदललंय. तिच्याकडे एक मुलगी वडिलांबरोबर यायची. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला वडिलांनी गाडीतून केळीचा अख्खा घड काढून व्हरांड्यात ठेवला. ‘घरचं आहे, ताई.’ आता शेतातलं आलेलं आपल्याकडे परत करता येत नाही, तो माणसाचा अपमान होतो. आणि ठेवून घेतलं तर पुस्तकात जे शिकलो ते आडवं येतं. तिने गटात प्रश्न आणला: ‘भेट घ्यावी की घेऊ नये?’ लगेच दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं वाटून टाक, कुणी म्हणालं फीमधून वजा कर. त्या दिवशी बैठक सांभाळणाऱ्याने सगळ्यांना थांबवलं आणि तिलाच विचारलं, ‘घड आल्यापासून तू त्यांना काय विचारलेलं नाहीस?’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मुलीच्या लग्नाची तारीख कुणी ठरवली, हे.’ मुलीची झोप उडाली होती ती तारीख ठरल्यापासूनच, आणि वडील इतके प्रेमळ वागत होते की त्यांना तो प्रश्न विचारणं तिला कृतघ्नपणाचं वाटत होतं. पुढच्या भेटीत तिने तो विचारला. घडाचं काय करायचं याची चर्चा नंतर कुणी केलीच नाही.

हे असं बसण्याची पद्धत आमची स्वतःची नाही. हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट सुरू केले. पत्नी एनिड बालिंट त्यांच्या सोबत होत्या. तिथे पेशंटच्या आजाराइतकंच डॉक्टर आणि पेशंट यांच्यात काय चाललंय याकडे बघायचे. आजही अनेक देशांत डॉक्टर असे गट चालवतात. त्यातली एक रीत आम्ही जशीच्या तशी उचलली: मांडणाऱ्याने कागद न बघता सांगायचं, थोडे खुलासे द्यायचे आणि मग खुर्ची मागे ओढून ऐकत बसायचं. बाकीचे आपसात बोलतात, त्याच्याशी नाही. मध्ये ‘तसं नाही, ऐका ना’ म्हणून उडी घ्यायची नाही. पहिल्यांदा हे फार जड जातं. पण कुणाला उत्तर द्यायचं नसलं की माणूस खरं ऐकतो. शेवटी त्याला पुन्हा आत घेतो, तेव्हा तो काय घेऊन जातोय तेवढंच सांगतो. आमचं समाधान झालं का, हा प्रश्न येत नाही.

ज्येष्ठांचा मान हा आपल्याकडचा मोठा गुण आहे, पण या खोलीत तो आडवा येतो. म्हणून सगळ्यात नवीन माणसाने सगळ्यात आधी बोलायचं, सगळ्यात जुन्याने शेवटी. बैठक सांभाळायची पाळी फिरती. सांभाळणाऱ्याची कामं दोन: घड्याळ बघणं, आणि गाडी उपायांकडे वळली की परत आणणं. दोन तासांत दोन केस, त्याहून जास्त नाहीत.

व्हॉट्सॲपवर फक्त तारीख, वेळ, जागा. केसचं एक अक्षर नाही, आवाज रेकॉर्ड करूनही नाही. फोन घरात पोरांच्या हातात असतो, स्क्रीनशॉट कुठे जाईल काही नेम नाही. बैठकीचं टिपण कुणी ठेवत नाही. मांडणारा आपल्या वहीत आपल्यापुरतं लिहितो.

पैसे घेत नाही. चहा-नाश्ता ज्याच्या गावी त्याच्याकडे. वर्षातून काही वेळा नाशिक-पुण्याच्या अनुभवी व्यक्तीला ऑनलाइन बोलावतो, तेव्हा फी वाटून भरतो. कारण पांझरेकर दादांचा मुद्दा मला मान्य आहे: गट म्हणजे सुपरव्हिजन नव्हे. सुपरव्हायझर तुमच्या कामाची काही जबाबदारी उचलतो, तुम्ही चुकीच्या दिशेने निघालात तर थांबवतो. गटातले सगळे बरोबरीचे, त्यांचं म्हणणं घ्यायचं की नाही हे तुमच्यावर. नुकतं शिकून बाहेर पडलेल्यांना आम्ही आधी सुपरव्हायझर बघायला सांगतो, गट त्याच्या जोडीला. आणि लांब असल्याचं दुःख फार करू नका. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती (अविवेकी विचार बदलून भावना सावरायची) आत्मसात केली आणि ती महाराष्ट्रात रुजवली. आपल्या हातात तर व्हिडिओ कॉल आहे.

मनोविकारतज्ज्ञ, धुळे

गिरणातीर मॅडमनी छान लिहिलंय. मी फक्त कुठली गोष्ट गटात थांबवून ठेवू नये तेवढं सांगतो.

आत्महत्येचा धोका वाटतोय, तर पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी फोन, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणं, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सोबत घेणं. प्रत्येकाने गटातला एक जण ‘कधीही फोन करायचा माणूस’ म्हणून ठरवून ठेवावा. रात्री-बेरात्री कुटुंबाला आधार हवा असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. शेतकरी कुटुंब असेल तर फवारणीची औषधं घरात कुठे ठेवतात, कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे, हे पहिल्याच भेटीत विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन विचार भरत नाही. उलट जवळ विष नसलं तर तो कठीण वेळ टळून जाण्याची शक्यता वाढते.

लहान मुलाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. ‘कळवावं की नाही’ हा गटात चर्चेचा विषय होऊ शकत नाही. कळवल्यानंतर मुलाला कसा आधार द्यायचा आणि स्वतः कसं सावरायचं, हे मात्र जरूर आणा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये कलम २३ गुप्ततेबद्दल आहे. त्यात इतर तज्ज्ञांना माहिती देण्याची मुभा आहे, पण ती त्या रुग्णावर त्यांनी उपचार करावेत म्हणून. तुमचा गट त्या रुग्णावर उपचार करत नाही, तेव्हा त्या मुभेवर विसंबून राहू नका. रुग्णाची आधी संमती घ्या आणि तरीही ओळख झाका.

औषधांबद्दल गटात सल्ला देऊ नका. ‘गोळी बंद करून बघू’ असं ऐकून रुग्ण माझ्याकडे कोणत्या अवस्थेत परत येतात ते मी बघतो. शंका आली तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. आम्ही फोन उचलतो.

सातपुड्यातून

मी धडगाव-अक्कलकुवा भागात काम करतो. आश्रमशाळेतली मुलं, कधी मोठी माणसं. वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही, कारण असे गट खाली जळगाव-धुळ्यातच होतात, वर डोंगरात येत नाहीत.

माझी अडचण वेगळी आहे. मूल पावरी ही इथली आदिवासी बोली बोलतं, मला ती मोडकी येते. मध्ये दुभाषी लागतो, आणि तो बहुतेक वेळा शाळेतलाच कुणीतरी किंवा गावातला ओळखीचा असतो. म्हणजे जे मूल मला सांगतं ते आधी त्याच्या कानातून जातं. तो एखादं वाक्य सोडतो, एखादं स्वतःचं घालतो, कधी मुलालाच दटावतो. गटात असं मांडताना खोलीत दोनच माणसं होती असं धरून सगळे बोलतात. तिसरा तिथेच बसलेला असतो आणि सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असतं.

माझा प्रश्न असा: दुभाष्यालाही अशा बैठकीची गरज आहे असं तुम्हाला वाटतं का? तो जे ऐकतो ते घेऊन संध्याकाळी त्याच पाड्यावर परत जातो.

आणि हो, वर व्हिडिओला रेंज नसते. साधा फोन चालतो, तोही जागा धरून.

गिरणातीर (जळगाव)

सातपुड्यातून दादा, हा प्रश्न आमच्या गटात कधी आला नव्हता आणि तो यायला हवा होता. हो, मला वाटतं दुभाष्यालाही हवीच. भेटीच्या आधी थोडा वेळ त्याच्याशी बोलणं, जसंच्या तसं सांगायचं आणि बाहेर बोलायचं नाही हे ठरवून घेणं, आणि भेट संपल्यावर मुलाच्या माघारी नुसतं ‘तुम्हाला ऐकताना कसं वाटलं’ एवढं विचारणं, हे तरी आपल्या हातात आहे. शाळेतल्या शिक्षकाला शक्यतो दुभाषी करू नये, कारण मुलाला उद्या त्याच्याच वर्गात बसायचंय. पर्याय नसतो हे समजतं, पण मग तीच गोष्ट प्रश्न म्हणून गटात मांडा: तो खोलीत असताना मी मुलाला काय विचारायचं सोडून देतो? आमच्या गटात तुम्ही साध्या फोनवरून या. मधल्या टेबलावर स्पीकर लावून ठेवू, आणि तुमच्या पाळीला सगळे सावकाश बोलतील.

पांझरेकर (धुळे)

नवीन माणसाने आधी बोलायचं, हे आमच्याकडे कुणाला सुचलं नाही. आमचे सर मनाने मोठे होते, त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने ऐकलं असतं. बोरीकाठ ताई, गट होत असेल तर मला धरा. धुळ्याहून अमळनेरला एसटीने येईन.

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मुलाचा उल्लेख इथून काढायला मॉडरेटरना सांगते.

जागेचं असं ठरवतेय की पहिली बैठक धरणगावला घ्यावी. जळगाव-भुसावळकडच्यांना आणि नंदुरबार-दोंडाईचाकडच्यांना सुरत-भुसावळ लाइन सोयीची आहे. धुळे-चोपड्याच्यांना एसटी. आणि तिथे आमच्यापैकी कुणाचीच प्रॅक्टिस नाही, तेही बरंच.

एक राहिलं. डॉक्टर संमती म्हणाले, ती कशी मागायची? ‘मी तुमच्याबद्दल दुसऱ्यांशी बोलणार आहे’ असं ऐकलं तर इथली बाई परत दारात उभी राहायची नाही.

गिरणातीर (जळगाव)

धरणगाव उत्तम.

संमती पहिल्या भेटीतच, फीबद्दल बोलतो त्याच बोलण्यात घ्यायची. अडचण आल्यावर मधेच मागितली की माणूस घाबरतो. आमच्या फॉर्मवर वाक्य असं आहे: ‘माझं काम नीट व्हावं म्हणून मी कधी कधी बाहेरगावच्या सहकारी समुपदेशकांशी माझ्या कामाबद्दल बोलते. तेव्हा तुमचं नाव, गाव, घर ओळखू येईल असं काहीही सांगत नाही. तुम्हाला हे नको असेल तर नाही म्हणा, त्याने आपल्या भेटींत काहीही फरक पडणार नाही.’ नुसता कागद पुढे सरकवायचा नाही, वाचून दाखवायचं आणि थांबायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या बोलीत, अहिराणीत सांगायचं. मूल असेल तर पालकांची संमती तर घ्यायचीच, पण मुलालाही त्याला समजेल असं सांगून विचारायचं.

बऱ्याच जणी उलट विचारतात, ‘बाहेरगावच्या म्हणजे कुठल्या?’ तेव्हा खरं सांगायचं, गावांची नावं घ्यायची. एखादीचं माहेर त्याच गावचं निघालं तर ती लगेच सांगते, आणि तिची गोष्ट त्या बैठकीत आणायची नाही हे आपल्यालाही कळतं. कुणी साफ नाही म्हटलं तर विषय संपला, तिच्याबद्दल गटात काहीही नाही. अडलंच तर एकाच सुपरव्हायझरकडे न्यायचं, तेही तिला सांगून.

पहिल्या बैठकीला केस घेऊ नका. नुसते नियम बसून ठरवा, फॉर्म वाचा, जेवा. दुसऱ्या बैठकीला तुमची पाळी पहिली असू दे.